मागल्या रांगेंतील मूल

शाळेंत एखादें मूल गप्प बसलें कीं आपण त्यास मंद म्हणतों. तें कोणत्या घरांतून आलें हें कोण पाहतो?

भामरागड, एटापल्लीकडील घरांत माडिया बोलतात. शाळेचें पुस्तक मराठी. बाजारगांवच्या कारकुनाच्या मुलानें तीं वाक्यें आईच्या मांडीवरच ऐकिलेलीं असतात. माडिया मुलास अक्षर आणि भाषा हीं दोन्ही ओझीं एकदम उचलावीं लागतात. चैत्रांत मोहफुलें, वैशाखांत तेंदूपत्ता. आईबाप पहांटेसच रानांत जातात, मग धाकट्यास सांभाळावयास थोरली बहीण घरीं राहते व तिचा पाठ बुडतो. ह्यांत बुद्धीचा दोष कोठें? हेंच मूल पांखरूं आवाजावरून ओळखील. परीक्षेंत तें कोणी विचारीत नाहीं!

हेमलकसा येथें १९७३ त लोकबिरादरी प्रकल्प निघाला, १९७६ त तेथें शाळा सुरू झाली. तींत शिकलेलीं माडिया मुलें पुढें डॉक्टर व शिक्षक झालीं. मुलें त्याच रानांतलीं. जेवण, निजावयास जागा व अभ्यासास वेळ मात्र नवीं मिळालीं.

सोन्याची अंगठी घालणाऱ्यास मंडळींत मानाची जागा देणाऱ्यांस याकोबानें दोष दिला. आपल्या रविवारच्या शाळेंत स्वच्छ सदऱ्याचें मूल पुढें बसत नाहीं काय?

आईबापांनो, वाचतां येत नाहीं म्हणून लाजूं नका. रात्रीं शेकोटीपाशीं शास्त्रांतील गोष्ट आपल्या बोलींत सांगा व मुलाकडून परत सांगवून घ्या. उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारीं पहिला प्रश्न मागल्या रांगेंतील मुलास विचारा, आणि त्याच्याच भाषेंत विचारा.