तीन वर्षांनंतरचं देणं

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी बिझनेस लॉ शिकवते. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल, करारभंग इथपर्यंत वर्ग जांभया देत असतो. मुदतीचा कायदा आला की मात्र जागा होतो. उसने दिलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांत लावला नाही तर कोर्ट तो फेटाळतं, एवढं सांगितलं की मागच्या बाकावरून दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "म्हणजे मॅडम, तीन वर्षं फोन उचलला नाही की विषय संपला?" सगळे हसतात. पण त्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दावा संपला का? आणि देणं संपलं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. १९६३चा मुदतीचा कायदा, कलम ३: मुदतीनंतर आलेला दावा कोर्टाने फेटाळायचाच आहे, समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नसला तरी. तारीख न ठरवता हातउसने दिले असतील, तर ही तीन वर्षं साधारणपणे पैसे दिल्या दिवसापासूनच मोजतात. आपण "जमेल तेव्हा दे रे" म्हणतो, तेव्हाच घड्याळ चालू झालेलं असतं. मध्ये देणेकऱ्याने "हो, एवढे द्यायचे आहेत" असं लिहून सही केली, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. पण हे लिहिणं मुदत संपायच्या आत व्हायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा "देतो रे, पगार होऊ दे" हा मेसेज म्हणजे सही धरायची का, यावर दोन वकील एक आख्खी दुपार भांडू शकतात.

दुसऱ्या प्रश्नाचं कायद्याचं उत्तर विद्यार्थ्यांना अनपेक्षित वाटतं: नाही, देणं संपत नाही. बॉम्बे डाइंग विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात (निकाल १९५८च्या रिपोर्टांत छापलेला आहे) विषय होता कामगारांनी न उचललेल्या मजुरीचा. सुप्रीम कोर्टाने तिथे स्पष्ट केलं की मुदत गेल्याने ऋण नष्ट होत नाही, ते कोर्टातून वसूल करण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. जमिनीचं तसं नाही. तिथे ठरलेल्या काळात ताबा मागितला नाही तर कलम २७ प्रमाणे हक्कच मावळतो. पैशाच्या बाबतीत कायदा फक्त हात काढून घेतो.

मग मुदत ठेवलीच कशाला? कारणं वाईट नाहीत. साक्षीदार मरतात, गाव सोडतात. पावत्यांना वाळवी लागते. वीस वर्षांनी कोणी म्हणालं की तुझ्या बापाने माझे दहा हजार घेतले होते, तर त्या पोराने ते खोटं कसं पाडायचं? माणसाला कधीतरी मागची पानं बंद करता आली पाहिजेत. हे मला पटतं. यूपीआयमुळे आता सगळ्याची नोंद राहते, मग मुदत कशाला, असं एका मुलीने विचारलं होतं. पण फोनमध्ये रक्कम राहते, हेतू राहत नाही. ते पाच हजार उसने होते, भेट होती की ट्रिपचा वाटा होता, हे स्क्रीनशॉट सांगत नाही.

मला खटकतं ते तिसरं कारण, जे पाठ्यपुस्तकांत सगळ्यात जोरात दिलेलं असतं: कायदा जागणाऱ्याला मदत करतो, झोपणाऱ्याला नाही. आपल्याकडे पैसे देणारा झोपलेला असतो का? तो बहुतेक वेळा टक्क जागा असतो आणि भिडेपोटी गप्प असतो. मावसभावाला कसं विचारायचं? त्याच्या घरी लग्न आहे, आता नको. रूममेटची नोकरी गेलीये, आत्ताच कुठे मागायचे? अशी तीन वर्षं जातात. बँकेला भीड नसते, तिच्याकडे तारखा सांभाळणारं डिपार्टमेंट असतं. मुदतीचा नियम दोघांना सारखाच, पण तो कापतो जास्त करून त्यालाच, जो चांगुलपणाने थांबला.

म्हणून मागच्या बाकाला माझं उत्तर असं असतं: ज्याने तुझी अडचण बघून मागितले नाहीत, त्याच्याच न मागण्याचा तू फायदा घेणार असशील, तर तू कायदा मोडत नाहीस, पण त्याला फसवतोयस. कांटने १७८५मध्ये परत न करण्याच्या इराद्याने खोटं वचन देऊन कर्ज घेणाऱ्याचं उदाहरण दिलं होतं. आपला देणेकरी बहुधा तसा नसतो. घेताना तो खरंच देणार असतो. त्याचं वचन पुढे हळूहळू खोटं होत जातं, एकेक न उचललेल्या फोनने. कोणत्या दिवशी झालं, हे त्यालाही सांगता येणार नाही.

माझी आई मिरजेत मेस चालवायची. कॉलेजची पोरं, महिन्याचे पैसे, एक लांब वही. दरवर्षी परीक्षा संपल्या की दोन-तीन जण बाकी ठेवून गावी निघून जायचे. (मुदतीच्या कायद्याच्या परिशिष्टात खाण्यापिण्याच्या बिलासाठी वेगळी नोंदच आहे: जेवण दिल्यापासून तीन वर्षं. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कायदेवाल्यांनी पण मेसला जेवण केलेलं दिसतंय.") मेस बंद झाल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यातल्या एकाने कुठून तरी नंबर मिळवून फोन केला आणि सव्वीसशे रुपये पाठवले. कायद्याने त्याला कोणी विचारू शकत नव्हतं. मला वाटलं आई भरून येऊन काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "पैसे दिले ते चांगलं केलं. पण तेव्हाच सांगायचं होतं की नाहीत म्हणून. मी काय पोराला उपाशी ठेवणार होते?"

तिचं हे वाक्य मी अजून घोळवते आहे. तिच्या हिशेबात देणं दोन होती. एक सव्वीसशेचं, ते फिटलं. दुसरं सांगण्याचं, ते त्या वेळीच द्यायचं होतं, आणि त्याची मुदत खरोखरच गेली होती. पैसे नसणं यात तिला काही गैर वाटत नव्हतं. न बोलता निघून जाणं तिला लागलं होतं.

या उरलेल्या देण्याची दखल कायदाही घेतो, म्हणून मला तो अगदीच कोरडा वाटत नाही. १८७२च्या करार कायद्याचा पाया असा की मोबदल्याशिवाय दिलेलं वचन सहसा करार होत नाही. त्याला मोजके अपवाद आहेत आणि त्यातला एक, कलम २५(३), याच ऋणासाठी आहे. मुदत गेलेलं देणं मी देईन, असं लेखी वचन सहीनिशी दिलं तर तो नवा, पक्का करार होतो. समोरून नवा रुपया यावा लागत नाही. कलम ६० तर आणखी पुढे जातं. दुकानदाराची जुनी मुदतबाह्य उधारी आहे आणि नवीही आहे, तुम्ही कशापोटी ते न सांगता पैसे दिले आणि परिस्थितीवरूनही ते कळत नसेल, तर तो ते जुन्या खात्यात जमा करू शकतो.

पण हीच सही उलटीही वापरली जाते. जुन्या, मुदत गेलेल्या कर्जासाठी वसुलीवाले येतात, "फक्त इथे सही करा, मग त्रास नाही" म्हणतात. त्या कागदावर फेडण्याचं वचन असेल तर मेलेला दावा तुम्ही स्वतःच्या हाताने जिवंत करता. प्रामाणिक राहा म्हणणाऱ्या मॅडमच कागद नीट वाचल्याशिवाय सही करू नका असंही सांगतात, यात पोरांना विसंगती दिसते. मला दिसत नाही. बँकेने जोखमीचं व्याज लावलेलं असतं, काही कर्जं बुडणार हे धरलेलं असतं, आणि तीन वर्षं तिला कोणाचीही भीड पडलेली नसते. तिच्यासमोर मुदतीचा मुद्दा काढणाऱ्याला मी लबाड म्हणणार नाही. मित्रासमोर काढणाऱ्याला म्हणेन.

यावर यंदा एका मुलाने हात वर केला. "मॅडम, आणि पतसंस्था?" त्याच्या गावातली पतसंस्था म्हणजे गावातल्याच शिक्षकांच्या, दूधवाल्यांच्या ठेवी. ती बँकही आहे आणि शेजारीही. तिचा मॅनेजर कर्जदाराला रोज चहाच्या टपरीवर भेटतो आणि भिडेने तोंड उघडत नाही. बुडालेलं कर्ज तिथे कुठल्या ताळेबंदात विरून जात नाही, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची ठेव त्यात अडकते. मी आखलेली रेघ तिथे नीट बसत नाही, हे मला मान्य करावं लागलं. शिवाय तिथे जामीनदार असतो. तो बहुतेक वेळा मित्र नाहीतर मेहुणा असतो, आणि त्याने सही केलेली असते तीही भिडेपोटीच.