पाठ स्मारकाकडे

जुन्या लाकडी चौकटीतल्या, रणभूमीवरच्या सहलीच्या छायाचित्रांचा थाट ठरलेला असतो. मागे दगडी स्मारक, पुढे ओळीने उभी-बसलेली मंडळी, ठेवणीतले कपडे, आणि झाडून सगळ्यांची पाठ स्मारकाकडे. अमेरिकेत गेटिसबर्गच्या रणभूमीवर अशी छायाचित्रे विल्यम टिप्टनने हजारोंनी काढली. यादवी युद्धात, जुलै १८६३मध्ये तीन दिवसांत इथे सुमारे ५१ हजार सैनिक ठार, जखमी, कैद वा बेपत्ता झाले, तेव्हा तो गावातल्या स्टुडिओत उमेदवारी करणारा पोरगा होता. पुढे ‘डेव्हिल्स डेन’च्या खडकांपाशीच त्याने दुकान थाटले. १८९३मध्ये तिथवर विजेची ट्रामही आली.

जिथे माणसे मेली तिथे सहल, वर फोटो! आपल्याला हे खटकते. त्याच खडकांतल्या अलेक्झांडर गार्डनरच्या छायाचित्रापुढे मात्र आपण गप्प होतो. दगडी आडोशामागे मरून पडलेला दक्षिणेकडचा तरुण सैनिक, जवळ टेकवून ठेवलेली बंदूक. पण हा मृतदेह सुमारे ४० यार्डांवरून उचलून तिथे आणला होता, हे विल्यम फ्रासानिटो या अभ्यासकाने १९७५मध्ये दाखवून दिले. बंदूकही देखाव्यापुरतीच होती.

म्हणजे मांडणी दोन्हीकडे आहे. सहलीची मंडळी आपखुशीने बसली आणि पैसे मोजून फोटो घरी घेऊन गेली. त्या सैनिकाला कोण विचारणार? गंभीर चित्र खरेच असते, असे आपण उगाच धरून चालतो.

अर्थात हौस निरुपद्रवी नव्हती. ट्रामच्या रुळांसाठी इथले खडक फोडले गेले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. रणभूमी जपणे हे सार्वजनिक काम आहे, त्यासाठी सरकार जमीन ताब्यात घेऊ शकते, असा निकाल १८९६मध्ये लागला. गंमत अशी, की ज्या लोकांसाठी ट्राम आली त्याच लोकांच्या नावाने भूमी राखली गेली. कुणी बघायलाच आले नसते, तर ती राखण्यासाठी कोर्टात तरी कोण गेले असते?

तेव्हा स्मारकाकडे पाठ केल्याबद्दल चौकटीतल्या माणसांवर रागावण्यात अर्थ नाही. आम्ही येऊन गेलो, एवढेच ती माणसे सांगतात. मेलेल्यांच्या वतीने बोलण्याचा आव त्यांनी आणलेला नाही. तो गार्डनरने आणला, आणि पुष्कळदा स्मारकेही आणतात. रणभूमीवर हसण्यापेक्षा मृताच्या तोंडी आपले शब्द घालणे ही मोठी आगळीक आहे.