वाटेवरची मुकी सोबत

(रविवारचे चिंतन. वाचन : तोबित ६:१-९ आणि ११:१-१५)



२९ सप्टेंबर रोजी आपण मिखाएल, गाब्रिएल आणि राफाएल ह्या महादूतांचा सण साजरा करतो. ४ ऑक्टोबर रोजी असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण येतो आणि १० ऑक्टोबर हा दिवस जगभर मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. हे तीन दिवस असे एकापाठोपाठ येतात, हा योगायोग असेल. परंतु पवित्र शास्त्रातील एका लहानशा पुस्तकात खचलेली मने, देवदूत आणि मुका प्राणी हे तिघेही एकाच वाटेवर भेटतात. ते पुस्तक म्हणजे तोबितचे पुस्तक.

गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. निनवे शहरात बंदिवासात राहणारा तोबित हा देवभीरू माणूस. बेवारस मृतांना मूठमाती देणारा. अशा माणसाची दृष्टी जाते. घर बायकोच्या कमाईवर चालू लागते. एके दिवशी तिला मजुरीवर बक्षीस म्हणून एक करडू मिळते, तर हा तिच्यावरच चोरीचा संशय घेतो. भांडण होते. आणि मग तो अंधारात बसून देवाकडे मरण मागतो. नेमक्या त्याच दिवशी दूर एकबताना गावी सारा नावाची तरुणी लोकांच्या टोमण्यांनी इतकी खचते की, गळफास घेण्याचा विचार तिच्या मनात येतो. तीही देवाकडे मरण मागते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. देव ह्या दोघांवर रागावत नाही. तुमची श्रद्धा कमी पडली, असे तो त्यांना म्हणत नाही. दोघांच्याही प्रार्थना एकाच वेळी त्याच्यापर्यंत पोहोचतात आणि तो राफाएलला पाठवतो. ह्या नावाचा अर्थच आहे ‘देव बरे करतो’. तोबितचा मुलगा तोबिया प्रवासाला निघतो, सोबत वाटाड्याच्या वेषातला राफाएल. सहाव्या अध्यायात शास्त्र सांगते की, त्यांच्याबरोबर घरचा कुत्राही निघाला. अकराव्या अध्यायात ते परत येतात, तेव्हाही तो त्यांच्या मागोमाग चालतोच आहे. हा कुत्रा काहीच करत नाही. तो कुणाला वाचवत नाही, चमत्कार करत नाही, त्याला नावसुद्धा नाही. तो फक्त जाताना सोबत असतो आणि येताना सोबत असतो. मग पवित्र लेखकाने त्याचा उल्लेख दोनदा का बरे केला असावा?

ह्या प्रश्नाचे उत्तर मला धर्मगुरूंच्या विद्यालयात मिळाले नाही. ते मला आपल्या आंदर मावळातल्या टाकवे बुद्रुक येथे मिळाले. आज ते तुम्हांला सांगतो. सांगताना थोडा संकोच वाटतो, पण न सांगणे अधिक चुकीचे ठरेल.

करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांत, मी अनेकांना निरोप दिला. कित्येकांच्या अंत्यविधीला घरची दोन-तीन माणसेच असत. त्यानंतर माझी झोप गेली. छातीत धडधड होई, वेदीसमोर उभे राहिले तरी हात थरथरत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बरे वाटू लागले. सव्वा वर्ष मी त्या घेत होतो. एके रविवारी मिस्सानंतर एका सद्गृहस्थांच्या हे कानावर आले. ते प्रेमानेच म्हणाले, “फादर, तुम्हीच झोपेच्या गोळ्या घ्यायला लागलात, तर आम्ही कुणाकडे बघायचं?” मला लाज वाटली. त्याच रात्री मी गोळ्यांचे पाकीट कपाटाच्या मागे टाकले आणि म्हणालो, “प्रभू, आता फक्त तू.”

बंधू-भगिनींनो, ती श्रद्धा नव्हती, तो माझा अहंकार होता. तिसऱ्या रात्री मला अंथरुणात बसवेना. घाम, थरकाप, कानांत आवाज, आणि आता काहीतरी भयंकर घडणार अशी भीती. डॉक्टर चांगलेच रागावले. त्यांनी जे समजावून सांगितले, ते तुमच्याही उपयोगाचे आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या काही आठवडे रोज घेतल्या की शरीराला त्यांची सवय होते. त्या एकदम थांबवल्या तर मूळची चिंता दुप्पट होऊन उसळते आणि कधी कधी झटकेही येतात. नैराश्यावरच्या काही गोळ्या अचानक सोडल्या तर चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटते, चिडचिड होते. म्हणून अशी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी करूनच उतरवायची असतात. माझी गोळी पुन्हा सुरू झाली आणि ती उतरवायला आठ महिने लागले.

ह्या आठ महिन्यांतले सुरुवातीचे पाच आठवडे मी टाकव्याला एका कुटुंबाच्या घरी राहिलो. मुलगा तिथल्याच एका कारखान्यात कामाला, सून शेतावर, आणि घरी आजी. दिवस भातलावणीचे. पत्र्यावर पाऊस एकसारखा वाजत असे आणि समोरचा डोंगर दिवसदिवस धुक्यात बुडालेला. घरात दोन शेळ्या, एक मांजर आणि मोती नावाचा गावठी कुत्रा होता.

गोळीचा डोस कमी केला की पुढचे काही दिवस कठीण जात. रात्री दोन-अडीचला जाग येई आणि काळीज धडधडू लागे. मी जपमाळ हातात घेई, पण शब्द ओठांवर येत नसत. अशाच एका रात्री मी पडवीत येऊन बसलो. मोती पोत्यावरून उठला, अंग झटकले आणि माझ्या पायावर हनुवटी टेकवून पुन्हा झोपला. एवढेच. त्याने मला विचारले नाही, “फादर, तुम्हांला काय कमी आहे?” त्याने सांगितले नाही, “मन घट्ट करा.” त्याच्या पोटाचे वर-खाली होणे मी बघत राहिलो आणि काही वेळाने माझाही श्वास त्याच्यासारखा संथ झाला. त्यानंतरच्या कित्येक रात्री माझ्या एका हातात जपमाळ असे आणि दुसरा हात मोतीच्या मानेवर. प्रार्थना होत होती की नाही मला माहीत नाही. पण मी एकटा नव्हतो.

आजींच्या हे लक्षात आले होते. त्यांनी मला उपदेश केला नाही, एक काम दिले. “फादर, उद्यापासून मोतीला भाकरी तुम्हीच घाला. माझे गुडघे दुखतात.” मग रोज सकाळी सातला मला उठावेच लागे, कारण मोती दारात उभा असे. ज्या दिवशी तोंड धुण्याचीही इच्छा नसे, त्या दिवशीही दूध-भाकरी कुस्करावी लागे. आपली कुणाला तरी गरज आहे, ही जाणीव माणसाला अंथरुणातून बाहेर काढते. एकदा मी म्हणालो, “आजी, ह्याला बिचाऱ्याला माझं काय कळतंय!” त्या म्हणाल्या, “असं म्हणू नका, फादर. त्याला सगळं कळतं. बोलता येत नाही, म्हणून तर त्याचा त्रास होत नाही.”

आजींचे शहाणपण आता अभ्यासकही सांगतात. प्राण्याला कुरवाळल्याने ताण कमी होतो. २०१९ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, कुत्र्या-मांजरांना केवळ १० मिनिटे कुरवाळल्यावर विद्यार्थ्यांच्या शरीरातील ताणाचे संप्रेरक कमी झाले. मुंबईतील ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ ही संस्था प्रशिक्षित कुत्र्यांच्या मदतीने मुलांना आणि रुग्णांना आधार देण्याचे काम करीत आली आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम कूपर नावाचे कवी होऊन गेले. त्यांची ख्रिस्ती भक्तिगीते जगभर गायली जातात. १७७३ साली त्यांचे मन पूर्णपणे कोसळले. देवाने आपल्याला टाकून दिले आहे, असे त्यांना वाटू लागले. १७७४ साली शेजाऱ्यांनी त्यांना एक लहान ससा दिला. पुढे त्यांनी पस, टायनी आणि बेस असे तीन रानससे पाळले, त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने खुराडी बनवली आणि १७८४ साली एका नियतकालिकात त्यांची हकिकतही लिहिली. सशांनी कूपर कायमचे बरे झाले का? नाही. तो काळोख त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा आला. पण त्या कठीण वर्षांत रोज सकाळी दार उघडायला आणि हिरवा पाला आणायला त्यांना एक कारण मिळाले. हीसुद्धा देवाची कृपाच नव्हे का?

आता दुसरी बाजूही पाहू या. प्राणी हे औषधाच्या जागी नाहीत आणि माणसांच्या जागीही नाहीत. मोतीने माझी गोळी उतरवली नाही, ती डॉक्टरांनी उतरवली. तोबियाच्या गोष्टीतही देवदूत तोबितला नुसती प्रार्थना करायला सांगत नाही. माशाचे पित्त डोळ्यांना लावायला सांगतो, म्हणजे औषधच! बेनसिराच्या अडतिसाव्या अध्यायातही वैद्य आणि औषधे ही परमेश्वराचीच देणगी मानली आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २४१६ ते २४१८) प्राण्यांना दया दाखवावी, त्यांना विनाकारण छळू नये असे सांगितले आहे. त्याचबरोबर, जे प्रेम केवळ माणसाचा हक्क आहे ते प्राण्यांवर उधळून माणसाला उपाशी ठेवू नये, असेही बजावले आहे. आणि ज्याला स्वतःलाच सांभाळणे कठीण झाले आहे, त्याच्या गळ्यात पिल्लू बांधून मोकळे होऊ नका. त्या पिल्लाला खाऊ घालायला, रेबीजची लस टोचायला घरातले आणखी कुणीतरी हवे. पुढे कंटाळा आला म्हणून त्याला हमरस्त्यावर सोडून येणे हे पाप आहे.

मग ह्या मुक्या सोबतीपासून आपण काय शिकायचे?

गेथशेमनी बागेतली ती रात्र आठवा. प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला होता, घामाघूम झाला होता. ज्या प्रभूला आपण देव मानतो, त्यालाही काळजाचा तो थरकाप ठाऊक आहे. तेव्हा घाबरलेला माणूस कमी श्रद्धेचा, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि त्या रात्री येशूने आपल्या तीन मित्रांकडे काय मागितले? उपदेश नव्हे, उपाय नव्हे. फक्त जवळ राहून जागे राहा, एवढेच. तेवढेही त्यांच्याने झाले नाही. ते झोपी गेले.

आपल्या धर्मग्रामात आज किती घरांत कुणीतरी रात्री अडीचला जागे असेल! कुणी कारखान्यातली नोकरी गेल्यामुळे, कुणी परीक्षेच्या धास्तीने, कुणी दारू सोडण्याच्या धडपडीत, कुणी बाळंतपणानंतरच्या न कळणाऱ्या उदासीने. त्यांना आपण म्हणतो, “जपमाळ म्हण, सगळं ठीक होईल.” जपमाळ जरूर म्हणू या, पण त्यांच्या शेजारी बसून म्हणू या. ज्याच्याकडून ती म्हणवत नाही, त्याच्यासाठी आपण म्हणू या. आणि कुणाच्या गोळ्यांविषयी बोलण्यापूर्वी आपली जीभ आवरू या. माझ्यासारखा आणखी कुणी लाजेने गोळ्या फेकून देऊ नये.

ह्या आठवड्यासाठी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, मनाच्या आजाराचे कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. फारच असह्य झाले तर शासनाची ‘टेलिमानस’ ही सेवा आहे. २०२२ साली ती सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते, मराठीतही. आणि माझे दार तर उघडे आहेच. दुसरी, आपल्या दारातल्या मुक्या जिवाला ह्या आठवड्यात स्वतःच्या हाताने खाऊ घाला आणि त्याच्यासाठी देवाचे आभार माना. तिसरी, ओळखीतल्या एका खचलेल्या माणसाकडे जा. काय बोलावे सुचले नाही, तर बोलू नका. अर्धा तास बसा.

मोती आता म्हातारा झाला आहे. गेल्या वेळी टाकव्याला गेलो, तेव्हा तो उठला नाही, शेपटी मात्र हलवली. ह्या वेळी मी त्याच्याजवळ बसून राहिलो.

प्रार्थना करू या : हे दयाळू पित्या, तोबित आणि सारा यांचा आक्रोश तू ऐकलास. ज्यांची झोप हरवली आहे, ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना औषधाची लाज वाटते, त्या सर्वांना तुझ्या राफाएलची साथ लाभू दे. त्यांच्या डॉक्टरांना शहाणपण दे, घरच्यांना धीर दे. मुक्या प्राण्यांच्या रूपाने तू आम्हांला जी सोबत दिली आहेस, तिच्यासाठी आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या जिभेला थांबायला आणि आमच्या पायांना दुःखी माणसाच्या घरापर्यंत चालायला शिकव. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.

आपला,
धर्मगुरू