शीव

"काय गं, मुलगा दिसत नाही तुझा हल्ली? असतो कुठे?"

मुंबईतल्या शीवच्या किल्ल्याखालच्या नेहरू उद्यानात सकाळी फिरताना हा प्रश्न मला किती वेळा आला असेल! विचारणारी माणसं वाईट नाहीत. दप्तर पाठीला लावून शाळेत जाताना त्यांनी त्याला पाहिलंय, त्याच्या बारावीचे पेढे खाल्लेत. विचारायचा हक्क आहे असं त्यांना वाटतं, आणि थोडा आहेही.

माझा मुलगा एकतीस वर्षांचा आहे. नोकरी सुटली, तो घरी आहे, उपचार चालू आहेत. आजाराचं नाव इथेही लिहीत नाही. ते सांगायचं की नाही, हे त्याने ठरवायचं.

पहिलं वर्ष मी खोटं बोलले. "बंगलोरला असतो." मग बंगलोरला कुठे, कंपनी कुठली, आमचा भाचाही तिथेच आहे, नंबर द्या की! एका खोट्याला दहा टेकू. पण त्याहून वाईट झालं ते वेगळंच. संध्याकाळी तो दूध आणायला खाली निघाला की माझ्या पोटात गोळा यायचा, कुणी बघितलं तर? ज्याने अंथरूण सोडून चार माणसांत जावं म्हणून डॉक्टर धडपडत होते, त्याने घरातच राहावं असं त्याच्या आईला वाटत होतं.

मग एका हळदीकुंकवाला बांध फुटला. एका ओळखीच्या बाईला सगळं सांगून बसले, गोळ्यांपासून रात्रीच्या भांडणांपर्यंत. पंधरा दिवसांत लिफ्टमध्ये एका काकांनी त्याला विचारलं, "औषधं घेतोस ना वेळेवर?" तो काही बोलला नाही. घरी येऊन मला एवढंच म्हणाला, "आई, माझ्याबद्दल सांगायचं असेल तर आधी मला विचारशील?"

त्याचं ते वाक्य ऐकलं आणि मला आणखी एक मुलगा आठवला. इथून जवळच, शिवडीच्या रुग्णालयात, १८ जून १९४८ रोजी गांधीजींचे चिरंजीव हरिलाल गांधी वारले. वडिलांच्या हत्येला पाच महिनेही झाले नव्हते. १९३६ साली हरिलालनी धर्म बदलला, तेव्हा गांधीजींनी 'हरिजन'मधून साऱ्या देशाला उत्तर दिलं, मुलाच्या दारूचा आणि कर्जाचा उल्लेख करून. सार्वजनिक आयुष्य जगणाऱ्या बापापुढे कदाचित दुसरी वाट नसेल. पण वाचताना मला सारखा तो मुलगाच दिसतो, सगळ्यांनी आपल्याबद्दल वाचलंय हे ठाऊक असलेला. माझ्यापुढे दुसरी वाट होती. मानसिक आजाराच्या रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. डॉक्टर जे सांगत नाहीत, ते आईने का वाटत सुटावं?

शीव म्हणजे वेस, हद्द. इंग्रजांची मुंबई इथे संपायची, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. ती हद्द राखायला इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात टेकडीवर हा किल्ला बांधला. त्याच्याच पायथ्याशी, बाकावर बसून, मी आणि मुलाने मिळून एक उत्तर ठरवलं: "त्याची तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत. तुम्ही आठवणीने विचारलंत, बरं वाटलं." पुढे थांबायचं. थांबणंच अवघड जातं. समोरचा गप्प राहिला की ती पोकळी भरायला जीभ वळवळते. पण बहुतेक लोक तेवढ्यावर थांबतात, हा माझा अनुभव. एखाद्याने खोदून विचारलंच, तर "ते त्यालाच विचारा" म्हणते आणि चालू लागते.

सगळं पोटात ठेवूनही चालत नाही. एक मैत्रीण आहे, तिला सगळं माहीत आहे, त्याच्या परवानगीने. "तो कसा आहे" याआधी ती विचारते, "काल झोप लागली का तुला?" ज्यांच्याकडे अशी मैत्रीण नाही, त्यांनी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लिहून ठेवावा. मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत, आणि फोन रुग्णानेच करावा असं काही नाही.

काल तो एकटा गांधी मार्केटपर्यंत चालत गेला आणि परत आला. उद्याही जाईल. तुम्हाला दिसला तर त्याच्याशी क्रिकेटवर बोला, भाजीच्या भावावर बोला. कुठे होतास एवढे दिवस, ते मात्र विचारू नका.