मिस्कीन कोणाला म्हणावे?

बार्शीत आमच्या मोहल्ल्यात आम्ही चौघेजण जुम्म्याच्या नमाजनंतर तासभर बसतो आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे सरकारी अर्ज भरून देतो. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, म्हातारपणाचे अनुदान. चार दुआ मिळतात, चहाही मिळतो. २०२३ च्या रमजानमध्ये चहा अर्थातच बंद होता. त्या दिवसांत एक बहीण आली. वय तिशीचे, दोन मुले. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने माहेरी आणून सोडलेले. तलाक देत नाही, नेतही नाही, मुलांच्या खर्चाचा एक पैसा पाठवत नाही. ती भुसार पेठेत धान्य निवडायला जाते. रोज २०० रुपये, महिन्यातून पंचवीस दिवस.

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. निराधार स्त्रिया, घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेल्या स्त्रिया तिच्यात बसतात. अट एकच नडते, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवे. म्हणजे दिवसाला सत्तावन्न रुपये. आमच्या या बहिणीचे होत होते ६०,०००. आमच्यापैकी एकाचे पेन सवयीने २०,००० वर गेले. तिला वाचता येत नव्हते, पण आकडे कळत होते. ती म्हणाली, "भाईजान, रोजे में झूट नक्को लिखो."

आम्ही खरा आकडा लिहिला आणि अर्ज तिथेच संपला.

त्या रात्री तरावीहनंतर आम्ही या गोष्टीवर बरेच बोललो. तोवर किती अर्जांत आम्ही २०,००० लिहिले असतील याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. ते खोटे आमचे, की अर्जदार बाईचे, की सत्तावन्न रुपयांत तीन पोटे भरतात असे मानणाऱ्या अटीचे? एकाने म्हटले, मजबुरीत सगळे माफ असते. दुसऱ्याने विचारले, मजबुरी तिची होती, लेखणी तर आपली होती ना? याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

मोहल्ल्यातील काही बुजुर्गांचे म्हणणे वेगळेच होते. कमावती बाई, हातपाय धड, तिने सरकारपुढे हात पसरावाच कशाला? देणारा वरचा हात घेणाऱ्या खालच्या हातापेक्षा चांगला, ही हदीस त्यांनी ऐकवली. हदीस बरोबरच आहे. पण आपण सगळे जुम्म्याला सूरह कहफ वाचतो. तिच्यात हजरत मूसा यांच्यासोबत चाललेले बुजुर्ग, ज्यांना आपण हजरत खिज्र म्हणून ओळखतो, एका नावेला छिद्र पाडतात. पुढे कारण सांगतात की ती नाव गरिबांची होती आणि पुढचा राजा धडधाकट नावा बळकावत होता. त्या नाववाल्यांसाठी आलेला शब्द 'मसाकीन' आहे, मिस्कीनचे अनेकवचन. आता पाहा, त्यांची स्वतःची नाव होती आणि ते समुद्रावर राबत होते, तरीही मिस्कीन! शाफई फकीह याच आयतीवरून सांगतात की कमाई आहे पण पुरत नाही, तो मिस्कीन. हनफी व्याख्या वेगळी आहे; पण केवळ कमावतो म्हणून कोणी जकातीतून बाद होत नाही, हे त्यांनाही मान्य आहे. निसाब पाहतो गरजा भागून काय उरले ते. सरकारी अर्ज पाहतो हातात काय आले ते.

आणि वरचा हात कोणाचा? ती साबण घेते, मोबाइलचे रिचार्ज मारते, त्या प्रत्येकावर कर भरते. सरकारी तिजोरीत तिचाही हात पोहोचलेला आहे. खालचा हात कोणाचा असेल तर तो स्वतःच्या मुलांचा खर्च दुसऱ्यावर टाकून मोकळ्या झालेल्या बापाचा. मुलांचा नफका बापावर आहे, यात शरीयतमध्ये मतभेद नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली नूर सबा खातून प्रकरणात मुस्लिम मुलांचा पोटगीचा हक्क मान्य केला. २००१ च्या डॅनियल लतिफी निकालाने तलाकनंतरची तजवीज फक्त इद्दतीपुरती नाही असे सांगितले, आणि २०२४ च्या जुलैमध्ये याच न्यायालयाने तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण कायद्यानेही पोटगी मागता येते हे स्पष्ट केले. निकाल चांगले आहेत. पण कोर्टाची तारीख म्हणजे २०० रुपयांचा खाडा, आणि खाडा केला की त्या दिवशीचे दूध नाही. आम्ही तिला दोनदा सांगून पाहिले, मग सांगणे सोडले. जमातीने तिच्या नवऱ्याला बोलावून विचारावे, असेही आम्ही सुचवले होते. जे बुजुर्ग हदीस सांगायला पुढे होते त्यांना त्या दिवशी कामे निघाली.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली. महिना १,५०० रुपये, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. निराधार योजनेची रक्कमही तोवर १,५०० झालेली होती, २०२३ च्या जुलैपासून. म्हणजे तेवढ्याच पैशासाठी निराधार बाईला २१,००० ची अट आणि बाकीच्या बहिणींना अडीच लाखांची. ज्या घरांत फ्रिज आहे, मोटारसायकल आहे, त्या घरांतील बायांनीही अर्ज भरले, आणि त्यांना कोणी वरच्या-खालच्या हाताची हदीस ऐकवली नाही. या बहिणीनेही भरला, ६०,००० हा खराच आकडा लिहून. पैसे येऊ लागले. पहिल्या हप्त्यात मुलांच्या चपला आणि पावसाळी कागद आला.

२०२५ साली ई-केवायसी आली. पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक हवा. विधवा आणि घटस्फोटित बायांसाठी पुढे कागद दाखवण्याची सोय झाली, पण हिच्याजवळ कुठला कागद? तलाक झालेला नाही. वडील वारले. आधार क्रमांक एका जुन्या झेरॉक्सवर सापडला, पण ओटीपी जाणार नवऱ्याच्या मोबाइलवर. पाच वर्षे तिने त्याला फोन केला नव्हता. लावायला तिने आम्हालाच सांगितले. आम्ही लावला, सलाम केला, काम सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग त्याने विचारले, "किती मिळतात तिला?"