अवयव आणि अवयवी

1968 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली आणि वडिलांच्या निधनानंतर वारसाहक्काने माझ्या नावावर चढलेली फियाट अकराशे डिलाइट सांगलीतील आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार वर्षे निश्चल उभी होती. तिचे इंजिन स्वतःच्या हातांनी उघडून पुन्हा जुळवावे असा संकल्प मी केला, तेव्हा त्यातून एखादा तात्त्विक प्रश्न उभा राहील अशी मला मुळीच कल्पना नव्हती. पहिल्या पंधरा दिवसांत हेड उतरले, खालचा चेंबर उतरला, आठ व्हॉल्व्ह, आठ पुशरॉड, आठ टॅपेट, चार पिस्टन आणि तीन मुख्य बेअरिंगांवर फिरणारा क्रँक असे सारे एकेक करून बाहेर आले व जुन्या वर्तमानपत्रांवर मांडले गेले. एका संध्याकाळी रॉकेलने हात धुताना त्या पसाऱ्याकडे पाहत असता मनात आले, की आता इंजिन कोठे आहे? नोंदणीपुस्तकात ज्याचा क्रमांक दाखल आहे ते इंजिन म्हणजे हा चार भोकांचा लोखंडी ब्लॉक, की हा सारा पसारा, की या दोहोंहून वेगळे असे आणखी काही?

प्रश्न जुना आहे. यवन राजा मिनँडर, ज्याला पाली ग्रंथ मिलिंद म्हणतो, तो भिक्षू नागसेनाच्या भेटीस रथात बसून आला आणि नागसेनाने त्याला त्याच रथाविषयी विचारले: आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? प्रत्येकाला नकार देत राजा अखेर या निर्णयाला आला, की या अवयवांच्या आश्रयाने ‘रथ’ हा केवळ एक व्यवहार, एक संज्ञा उत्पन्न होते. आणि मनुष्याची व्यक्तीही तशीच, हे नागसेनाला त्याच्याकडून वदवून घ्यावयाचे होते. पुढे चंद्रकीर्तीने हाच दृष्टान्त अधिक कठोरपणे तपासला. अवयवांचा समुदाय म्हणजेच रथ असे कोणी म्हटले तर त्याला त्याने हटकले, की मग मोडून जमिनीवर टाकलेल्या ढिगालाही रथ म्हणावे लागेल. माझ्यापुढे तो ढीगच होता, आणि त्यात 1089 घन सेंटिमीटरांचे एकही इंजिन नव्हते, हे मला कबूल करावे लागले.

परंतु नैयायिक येथे थांबत नाही. त्याच्या मते अवयवी हा अवयवांहून भिन्न असा खरा पदार्थ असून तो समवायसंबंधाने अवयवांत राहतो. आणि त्याचे एक प्रमाण गौतमाच्या सूत्रांत असे दिले आहे, की एक भाग धरला असता सगळे धरले जाते, एक भाग ओढला असता सगळे ओढले जाते. इंजिन उघडण्यापूर्वी क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून मी तो हलकेच फिरवला होता, आणि वर आठही व्हॉल्व्ह आपापल्या पाळीने खाली-वर झाले होते. ते दृश्य आठवले की नैयायिकाचा पक्ष मला नुसता तर्क वाटत नाही. त्याची प्रामाणिकता तर अशी, की वस्त्राचा एक तंतू काढला तरी पूर्वीचे वस्त्र नष्ट होऊन दुसरे खंडवस्त्र उत्पन्न झाले, हे कटु अनुमानही तो टाळत नाही. त्याच्या हिशेबाने वडिलांनी 1968 साली विकत घेतलेले इंजिन पहिला प्लग बदलला त्याच दिवशी संपले होते.

यावर मला जे सुचले ते कोणत्याही ग्रंथातून नव्हे, तर मदतीला येणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींच्या धास्तावलेल्या हाकेतून सुचले. साफ केलेल्या कनेक्टिंग रॉडच्या कॅप मी एका ताटात एकत्र टाकीत होतो, तोच ते म्हणाले, “मास्तर, मिसळू नका. ज्याची टोपी त्यालाच बसली पाहिजे.” मग त्यांनी प्रत्येक रॉडवर व त्याच्या कॅपवर ठोकलेला एकच आकडा मला दाखवला, आणि टॅपेटही ज्या भोकातून निघाले त्याच भोकात परत गेले पाहिजे, म्हणून पुठ्ठ्याला आठ छिद्रे पाडून त्यांत ते क्रमाने उभे करायला लावले. सुटे झाल्यावरही हे भाग एकमेकांना परके झालेले नव्हते. कॅमच्या ज्या उंचवट्यावर ते टॅपेट हजारो मैल फिरले त्या उंचवट्याची झीज त्याच्या तोंडावर उमटली होती. सिलिंडर वरच्या बाजूस अधिक आणि एका दिशेने अधिक झिजून किंचित लंबगोल झाला होता, आणि आंबा घाटातले वडिलांचे चढ त्या झिजेत जमा होते. नागसेनाने मोजलेले रथाचे अवयव कोरे होते, जणू आज सकाळीच सुताराकडून आलेले. चाललेल्या रथाच्या आसाने चाकाला झिजवलेले असते, चाकाने आसाला. अवयवी अवयवांत राहतो हे खरे असेल, तर तो झिजेच्या रूपाने राहतो, आणि म्हणूनच विस्कटल्यावरही काही काळ टिकतो, असे मला त्या पुठ्ठ्याकडे पाहताना वाटले व आजही वाटते.

वडिलांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. गाडीत आई त्यांच्या डावीकडे बसे, म्हणून तिला पूर्ण वळून मोठ्याने बोलण्याची सवय जडली. आज गाडी मी चालवतो, माझे दोन्ही कान शाबूत आहेत, तरी ती तशीच वळते आणि तशीच मोठ्याने बोलते. त्यांचा आत्मा कोठे गेला याविषयी शास्त्रे जे सांगतात ते मी आदराने ऐकतो. त्यांचे असणे कोठे राहिले, हे मात्र मला त्या आवाजात ऐकू येते.

जीर्णोद्धाराच्या वेळी मूर्तीतील देवत्व कलशात आकर्षून घेण्याचा विधी आपल्याकडे आहे. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीचे 2015 साली संवर्धन झाले तेव्हाही हा कलाकर्षण विधी करण्यात आला होता. मोडतोडीच्या काळात जे मोडू नये ते कोठे तरी सांभाळून ठेवले पाहिजे, ही त्यामागची जाणीव मला फार थोर वाटते. माझ्याजवळ कलश नव्हता. एक वही होती, आणि तो पुठ्ठा होता.

पण झीज सांभाळण्याची हौस इंजिनाला परवडत नाही, हेही खरे. 68 मिलिमीटरचे सिलिंडर बोअर करून 0.4 मिलिमीटरने वाढवावे लागले. यंत्रावर ब्लॉक चढवला तेव्हा मी तेथेच उभा होतो, आणि वडिलांचे सगळे घाट करड्या भुकटीच्या रूपाने खाली पडताना पाहून मला जे दुःख झाले ते लपवण्याचे कारण नाही. कार्यालयाच्या दफ्तरी काहीच बदलले नाही, कारण क्रमांक ब्लॉकवर आहे आणि ब्लॉक तोच आहे. परंतु माझ्या विचाराप्रमाणे पाहिले तर त्या दुपारी काही तरी निश्चितपणे संपले, आणि ‘तेच इंजिन’ हे शब्द त्यानंतर मी पूर्वीच्या निःशंकपणे उच्चारू शकलेलो नाही.

नव्या रिंगा, नवे पिस्टन, जुने रॉड आपापल्या जुन्या टोप्यांसह बसले. एक, तीन, चार, दोन या क्रमाने इंजिन पेटले, आणि त्याचा आवाज ओळखीचा होता तसा थोडा अनोळखीही होता. मिस्त्रींच्या आज्ञेवरून पहिले हजार किलोमीटर मी गाडी सावकाश, न ताणता चालवली. आई शेजारी बसून मोठ्याने बोलत असे. मग तेल बदलण्यासाठी चेंबरचा नट सोडला, पांढऱ्या ताटात काळपट धार धरली आणि ताट उन्हात नेले, तो नव्या रिंगांनी आणि नव्या सिलिंडरांनी एकमेकांवरून उतरवलेली धातूची अतिशय बारीक चमक त्या तेलात संथपणे फिरत होती.