आईची पुण्याई किती दिवस पुरते

सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आणि घरामागं ब्रॉयलरची शेड. माले गावच्या पावसात पिल्लांखालचा तूस कोरडा ठेवता ठेवता मला एकच प्रश्न छळतो: एका जिवाचं भोगलेलं दुसऱ्याच्या वाट्याला येतं का?

एका दिवसाच्या पिल्लाचं रक्त तपासलं तर त्यात गंबोरो या कोंबड्यांच्या रोगाच्या अँटीबॉडी सापडतात. पिल्लानं अजून रोग पाहिलेला नसतो. त्या अँटीबॉडी असतात आईच्या. तिला लस मिळाली किंवा तिनं दुखणं काढलं, आणि त्यातून मिळालेलं संरक्षण बलकातून पिल्लापर्यंत आलं. आई ब्रीडर फार्मवर, अंडं हॅचरीत. मायलेकरांची गाठही पडत नाही. ज्यानं त्यानं आपलं कर्म भोगावं, असं शास्त्र सांगतं. पण गावात कुणी मरता मरता वाचला की आपण आईबापाची पुण्याई म्हणतो. अँटीबॉडी मोजणाऱ्या एलायझा चाचणीच्या ताटलीत एकेका खळग्याला रंग चढताना पाहिला, तेव्हापासून मी गावाच्या बाजूनं आहे.

ही पुण्याई ब्रॉयलरमध्ये तीन-चार दिवसांत निम्मी होते. शिवाय ती भरपूर असेपर्यंत लसीतला जिवंत विषाणूच मारून टाकते, म्हणजे पिल्लाला स्वतःचं काही कमवू देत नाही. लस लवकर दिली तर वाया, उशिरा दिली तर रोग आधी गाठतो. म्हणून टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण, बघून दिवस ठरवायचा. तरी सगळ्या पिल्लांचा टायटर सारखा नसतो, काही हुकतातच.

पक्ष्याचं भोगलेलं माणसातही उतरतं. 2010 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं पोल्ट्री कामगारांचं रक्त तपासलं, तर काहींत एच9एन2 या बर्ड फ्लूच्या अँटीबॉडी मिळाल्या.

आणि 2006 चं नवापूर? बर्ड फ्लूच्या त्या साथीत आजारी पक्ष्यांबरोबर धडधाकट कोंबड्याही मारल्या. त्यांचं प्रारब्ध, असं सासूबाई म्हणतात. मला ते मान्य नाही. साथ थांबवायला ते करावं लागलं असेल, पण निर्णय माणसांचा होता. त्याचा भार कोंबडीच्या मागच्या जन्मावर टाकणं मला अन्याय वाटतो.

गंबोरो झालेलं पिल्लू पिसं फुलवून, मान टाकून बसतं, पांढरं पातळ हगतं, हात लावला तर थरथरतं. चाळीस दिवसांत विकायचंच आहे, मग लसीचा एवढा खटाटोप कशाला, असं सासूबाई विचारतात. ते थरथरणं टाळता येतं म्हणून, असं मी सांगते.

मग विक्रीची गाडी भरतानाही प्रारब्ध म्हणायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. नाही म्हणत. ते माझ्या खात्यावर आहे.